तळ्याचं पाणी हिरवं झालंय? मोरचूद टाकायच्या आधी हे वाचा

आमच्या सांगोल्याच्या भागात डाळिंबासाठी शेततळी भरपूर, आणि तळं आहे म्हटल्यावर त्यात मासे सोडणारेही आता बरेच झालेत, त्यामुळे उन्हाळा संपत आला की मला ठरलेला फोन येतो, "पाणी हिरवंगार झालंय, शेवाळ मारायला काय टाकू?" मी उलटा प्रश्न विचारतो, पहाटे पाचला तळ्यावर गेला होतास का? बहुतेक जण नऊ-दहाला गेलेले असतात आणि तेव्हा सगळं ठीकच दिसतं. शेवाळामुळे मासे मरतात ते पहाटे.

हे मला माझ्याच तळ्यानं शिकवलं. मासे सोडल्याचं तिसरं वर्ष, कटला दीड किलोच्या आसपास आलेला, जूनमध्ये तीन दिवस नुसतं ढगाळ, पाऊस नाही की वारा नाही. पाणी पालकाच्या भाजीसारखं दाट हिरवं. एका दुकानात सांगितलं मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, टाका, घरी बोर्डो मिश्रणासाठी आणलेला पडलाच होता, दुपारी सगळ्या तळ्यात फेकला. दुसऱ्या दिवशी पाणी तपकिरी झालं, मला वाटलं काम झालं. तिसऱ्या दिवशी पहाटे गेलो तर सगळ्यात मोठे कटले आधी उलटे झालेले, तोंड उघडं, कल्ले फाकलेले, आणि बारके मासे काठाला पाण्याच्या अगदी वरच्या थरात तोंड वासत होते. त्या दिवशी सकाळी आम्ही घरातल्या चौघांनी मिळून जे मासे बाहेर काढले ते मी मोजले नाहीत, मोजवलं नाही.

म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, घाईत असाल तरी पुढचा भाग सोडू नका, कारण तो कळला की बाकीचं आपोआप कळतं.

शेवाळ दिवसा देतं आणि रात्री घेतं

शेवाळ म्हणजे शत्रू हा समज आधी काढून टाका. तळ्यातल्या खाण्याची सुरुवातच तिथून होते, डोळ्याला न दिसणारं हिरवं शेवाळ, ते खाणारे पाण्यातले बारीक जीव, आणि ते जीव खाणारा कटला. पाणी अजिबात हिरवं नसेल तर मासा उपाशी राहतो आणि सगळं पेंडीवर जातं. शिवाय दिवसा उन्हात हेच शेवाळ पाण्यात ऑक्सिजन सोडतं, २५ अंशाला साध्या पाण्यात सव्वाआठ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आसपास ऑक्सिजन मावतो पण दाट हिरव्या तळ्यात दुपारी चारला तो १५ च्या वर गेलेला दिसतो.

सूर्य मावळला की ऑक्सिजन तयार होणं बंद. पण श्वास घेणं बंद होत नाही, माशांचं नाही, तळातल्या गाळातल्या जिवाणूंचं नाही आणि शेवाळाचंही नाही. रात्रभर सगळे मिळून साठा संपवतात, आणि जितकं शेवाळ दाट तितका तो लवकर संपतो, म्हणून सूर्य उगवायच्या थोडं आधी ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. कटल्यासारख्या कार्प जातीच्या माशाला ५ मिलिग्रॅमच्या वर बरं वाटतं, ३ च्या खाली तो हैराण, १ च्या आसपास मरायला लागतो. ढगाळ दिवसांत दिवसाची कमाई कमी आणि रात्रीचा खर्च तोच, असे तीन दिवस गेले की चौथ्या पहाटे खडखडाट. आणि शेवाळ एकदम मेलं, आपोआप मरो नाहीतर मोरचुदानं, तर कमाई पूर्ण बंद आणि ते कुजवायला जिवाणूंना वरून आणखी ऑक्सिजन लागतो. माझ्या तळ्यात नेमकं हेच झालं.

दुसरी गोष्ट सामूची, म्हणजे पीएचची. शेवाळ दिवसा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खेचून घेतं त्यामुळे पहाटे साडेसात असलेला सामू दुपारी नऊ-साडेनऊला जातो. तेवढ्यानं मासा मरत नाही, पण माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून आलेला अमोनिया पाण्यात असतो ना, त्याचा विषारी भाग सामूवर ठरतो. ३० अंशाच्या पाण्यात सामू ७ असेल तर एकूण अमोनियातला शेकडा एक भागसुद्धा विषारी नसतो, ८ ला साडेसात टक्के, आणि ९ ला जवळजवळ ४५ टक्के. पाणी तेच, अमोनिया तेवढाच, पण सकाळी बिनविषारी आणि दुपारी विषारी. त्यामुळे अमोनियाचं किट सकाळी वापरून निवांत बसू नका, दुपारी तीन-चारला बघा आणि सोबत सामूही बघा.

पहिलं काम: हिरवं म्हणजे कुठलं हिरवं

सगळ्याला आपण शेवाळच म्हणतो पण उपाय वेगवेगळे आहेत.

काठी घाला. काठीला केसासारखे लांब धागे गुंडाळून आले तर ते धाग्याचं शेवाळ, हे काठाला आणि तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदाला चिकटून वाढतं, दिसायला घाण पण माशाला लगेच धोका नाही, जाळी टाकताना आणि ड्रीपच्या फिल्टरला मात्र फार त्रास. काठीला काही न गुंडाळता हिरवा ऑइलपेंट लागल्यासारखं आलं आणि ओघळलं, तर सावध व्हा, ते निळं-हिरवं शेवाळ असू शकतं, मायक्रोसिस्टिस वगैरे, जे खरं म्हणजे शेवाळ नसून जिवाणू आहे. आणि काठीला काहीच नाही, पाणी नुसतं एकसारखं पोपटी, तर ते साधं तरंगतं शेवाळ, हे आपल्याला थोडं हवंच असतं.

शंका राहिली तर बरणीचा प्रयोग करा. काचेची स्वच्छ बरणी पाण्यात एक वीतभर खाली नेऊन भरा, वरची साय घेऊ नका, वर थोडी जागा सोडा, आणि न हलवता रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी हिरवा थर तळाला बसला असेल तर साधं शेवाळ, वर येऊन कडेनं हिरवी रिंग धरली असेल तर निळं-हिरवं, कारण त्याच्या पेशीत हवेच्या बारीक पोकळ्या असतात आणि ते वर तरंगतं. बरणी नंतर खाण्यापिण्याच्या कामाला वापरू नका.

कधीकधी उन्हात पाण्यावर विटेसारखा लाल तवंग येतो आणि संध्याकाळी हिरवट दिसतो, तो युग्लिना नावाचा सूक्ष्म जीव. खत-खाद्य जास्त झाल्याची ती खूण आहे, जुनं धोतर किंवा साडी दोन्ही बाजूनं धरून वाऱ्याच्या दिशेनं ओढत कोपऱ्यात नेऊन काढायचा.

दुसरं: पाणी किती दाट आहे ते मोजा

१८६५ मध्ये इटलीतले सेक्की नावाचे पाद्री होते, खगोलशास्त्रज्ञही होते, त्यांनी पांढरी तबकडी समुद्रात सोडून पाणी किती पारदर्शक आहे ते मोजलं, आज तीच सेक्की डिस्क जगभर वापरतात. घरी करायला डब्याचं २० सेंटिमीटरचं झाकण घ्या, चार भाग करून आलटूनपालटून काळा-पांढरा रंग द्या, खाली वजन आणि वर दर १० सेंटिमीटरला गाठ मारलेली दोरी. ऊन पाठीवर घेऊन दहा ते दोनच्या मध्ये सोडायची, दिसेनाशी होते ते अंतर बघायचं.

३० ते ४० सेंटिमीटर असेल तर तळं मस्त आहे, काही करू नका. २५ च्या खाली आलं की खाद्य कमी करा, २० च्या खाली गेलं की रात्री पाण्यात हवा मिसळायची सोय लागणारच. ६० च्या वर म्हणजे माशाला नैसर्गिक खाणं कमी. डिस्क नसेल तर हात कोपरापर्यंत पाण्यात घाला, मनगटातून वाकवलेला तळवा दिसेनासा होतो का बघा, कोपर बुडता बुडता तळवा गायब झाला तर ठीक, त्याच्या फार आधी गायब झाला तर दाट. फक्त पाणी मातीनं गढूळ आहे की शेवाळानं ते आधी ग्लासात घेऊन बघा, पावसाळ्यात इथे फसायला होतं.

मी हे आकडे वहीत लिहितो, आठवड्यातून दोनदा. एकदम ३० वरून १८ वर आलं की मला चार-पाच दिवस आधीच कळतं की पुढं काय वाढून ठेवलंय.

तिसरं: रात्री दहाला पहाटेचा अंदाज घ्या

हा भाग मला स्वतःला सगळ्यात उपयोगी पडलाय. ऑक्सिजनचं किट किंवा मीटर घ्या, गावात चार-पाच जणांत एक घेतलं तरी चालतं. संध्याकाळी सातला मोजा आणि रात्री दहाला पुन्हा मोजा, एकाच जागी, एकाच खोलीवर. समजा सातला ९ होता आणि दहाला ७, म्हणजे तीन तासांत २ गेला. पहाटे सहापर्यंत अजून आठ तास, त्याच वेगानं सव्वापाचच्या आसपास आणखी जाणार, म्हणजे सहाला उरणार पावणेदोनच्याही खाली. एअरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारं यंत्र, लावायचा की नाही हे तुम्हाला दहालाच कळलं, पहाटे तळ्यावर पळत जायची वेळ येत नाही.

पॅडल व्हील एअरेटर असेल तर अशा वेळी मध्यरात्रीपासून ऊन वर येईपर्यंत चालवा. दुपारी पण तासभर चालवला तर फायदा होतो, वरचं ऑक्सिजनवालं पाणी खाली जातं आणि खालचं वर, नाहीतर उन्हाळ्यात वरचा गरम थर आणि तळाचा गार थर वेगवेगळे राहतात आणि तळ सडतो. मग पहिला जोराचा पाऊस किंवा वादळ आलं की तळाचं सडकं पाणी एकदम वर येतं आणि एका रात्रीत मासे जातात. लोक म्हणतात पावसानं मासे मेले, पण तयारी महिनाभर तळात चाललेली असते.

आता आपल्याकडची अडचण, शेतीची थ्री फेज लाईट बऱ्याच ठिकाणी आळीपाळीनं कधी दिवसा तर कधी रात्री, त्यामुळे दिवसपाळी असेल तेव्हा रात्री एअरेटर चालणारच नाही. म्हणून डिझेल इंजिनची सोय ठेवा, निदान भाड्यानं कुणाकडून मिळेल ते आधी ठरवून ठेवा, पहाटे चारला फोन करत बसू नका.

मासे आत्ता वर आलेत, तोंड वासतायत, तर

टाळी वाजवा किंवा काठावरून सावली पाडा. मासे पटकन खाली गेले तर अजून वेळ आहे. सावलीलाही खाली जात नसतील तर मिनिटं मोजा.

इंजिन लावून तळ्याचंच पाणी उचला आणि उंचावरून, फाटलेल्या पाइपातून, झाऱ्यातून, जसं जमेल तसं फवारा करून परत तळ्यात पाडा, पाणी हवेतून जितकं फुटून जाईल तितका ऑक्सिजन मिसळतो. बोअरचं पाणी सोडायचं असेल तर तेही असंच, कारण बोअरच्या पाण्यात स्वतःचा ऑक्सिजन फारसा नसतो, पाइप थेट तळ्यात बुडवून सोडलं तर उपयोग कमी. मासे फवाऱ्याजवळ गोळा होतात, त्यांना तिथून हुसकू नका. त्या दिवशी खाद्य बंद, खाल्लेलं पचवायलाही ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजनच्या गोळ्या मिळतात त्या तासा-दोन तासाचा आधार आहे, तेवढ्यावर भरवसा ठेवू नका, आणि लाल औषध म्हणजे पोटॅशियम परमँगनेट टाकल्यानं ऑक्सिजन वाढतो हे खरं नाही, ते टाकू नका.

मेलेले मासे बघून कारण ओळखता येतं. मोठे आधी गेले आणि पहाटे गेले तर बहुतेक ऑक्सिजन. बारके-मोठे सगळे एकदम, दिवसाढवळ्या, वेडेवाकडे पोहत गेले तर बागेतल्या फवारणीचं औषध तळ्यात गेलं का ते आधी तपासा.

मुळावर उपाय: शेवाळाचं खाणं तोडा

कॅनडात ओंटारियोमध्ये प्रयोगासाठी राखलेली तळी आहेत. १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर यांच्या टीमनं २२६ नंबरच्या तळ्यात मधोमध प्लास्टिकचा पडदा लावला, एका बाजूला नायट्रोजन आणि कार्बन टाकला, दुसऱ्या बाजूला तेच दोन्ही आणि वर फॉस्फरस. फॉस्फरसची बाजू निळ्या-हिरव्या शेवाळानं भरून गेली, दुसरी बाजू स्वच्छ राहिली, विमानातून काढलेल्या फोटोत पडद्याची रेघ स्पष्ट दिसते. आपल्या तळ्यात तो फॉस्फरस येतो डीएपी खताच्या पाण्यातून, शेणातून, कोंबडीखतातून आणि सगळ्यात जास्त खाद्यातून. माशाला दिलेल्या खाद्यातला नायट्रोजन त्याच्या अंगाला साधारण पाव ते एक तृतीयांशच लागतो, बाकी पाण्यात. तुम्ही पेंड माशाला टाकता पण जेवतं शेवाळ.

त्यामुळे रोजचं खाद्य माशांच्या एकूण वजनाच्या २-३ टक्क्यांवर ठेवा, पोतं छिद्र पाडून पाण्यात लटकवा आणि दोन तासांनी उचलून बघा, पेंड-कोंडा उरला असेल तर दुसऱ्या दिवशी कमी. ढगाळ असेल तर निम्मं. पाणी हिरवं असताना शेणखत टाकणं बंद म्हणजे बंद. बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, हेक्टरी ५ ते १० हजाराच्या वर सोडू नका, म्हणजे ३० बाय ३० मीटरच्या तळ्याला साडेचारशे ते नऊशे, एअरेटर नसेल तर खालच्या आकड्यालाच थांबा. बांधावरून शेताचं पाणी आत येत असेल तर चर काढून वळवा.

आणि सगळ्यात सोपा उपाय आपल्या हातातच आहे, हेच हिरवं पाणी बागेला द्या. ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या तळ्यात उतार धरून साधारण २० लाख लिटर पाणी असतं, त्यातलं आठवड्याला दहावा भाग तळाकडून उचलून बागेला सोडा, तळाच्या पाण्यात अमोनिया आणि फॉस्फरस जास्त असतो, झाडाला ते खतच आहे. पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या टोकाचा फूटव्हॉल्व्ह जाळीत गुंडाळा नाहीतर मासे आणि धागे दोन्ही ओढले जातील, आणि ड्रीपला देताना सँड फिल्टर रोज उलटा धुवा. तेवढंच बोअरचं पाणी फवाऱ्यानं भरा.

धाग्याचं शेवाळ हातानं काढा. प्लास्टिकच्या तळ्यात लोखंडी दाताळं अजिबात नको, एक दात लागला की कागद गेला. मी लांब बांबूला जुनी शेडनेट गुंडाळतो आणि चपाती लाटल्यासारखं फिरवत काठाला आणतो, धागे आपोआप गुंडाळले जातात. काढलेलं काठावर टाकू नका, पावसानं परत आत जातं, गांडूळखताच्या बेडवर टाका.

माशांना काम नेमून द्यायचं तर गवत्या मासा धाग्याचं शेवाळ आणि पाणगवत खातो पण तरंगतं शेवाळ त्याला खाता येत नाही, सिल्व्हर कार्प ते गाळून खातो. दोन्हींचे थोडे नग ठेवले की मदत होते, पण खत चालू ठेवून फक्त माशाच्या भरवशावर राहिलात तर मासा हरतो.

मोरचुदाबद्दल स्पष्ट सांगतो, मासे असलेल्या तळ्यात नको. पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे सामू धरून ठेवायची ताकद, कमी असेल तर तांबं थेट माशाला मारतं, जास्त असेल तर शेवाळ मरून ऑक्सिजन संपतो आणि त्यानं मासे मरतात, आणि तांबं गाळात साठून राहतं ते वेगळंच. चुन्याचंही तसंच, सामू दुपारी ९ असताना कळीचा चुना टाकणं म्हणजे अमोनियाला हत्यार देणं.

निळं-हिरवं असेल तर गुरं लांब ठेवा

याच्या काही जाती यकृतावर हल्ला करणारं विष तयार करतात. २०१४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत टोलेडो शहरात ईरी सरोवराच्या पाण्यात हे विष सापडलं आणि चार लाखांच्या वर लोकांना नळाचं पाणी पिऊ नका सांगावं लागलं. पाणी उकळून हे विष जात नाही. साय आलेल्या काठाला म्हैस, शेळी, कुत्रा जाऊ देऊ नका, वारा ज्या बाजूला वाहतो त्या काठाला साय जमते तिथे तर नाहीच. अशा तळ्यातला मासा साय असेपर्यंत खाऊ नका, आणि नंतरही आतडी-यकृत पूर्ण काढूनच.

हे फक्त आपल्या तळ्यापुरतं नाही हेही बोलायला हवं. उजनीचं पाणी उन्हाळ्यात हिरवं होतं, रंकाळ्याचं झालं, कारण तेच, वरून येणारं शहराचं सांडपाणी आणि त्यातला फॉस्फरस. पाणी दाट झालं की ऊन तळापर्यंत जात नाही, तळातल्या पाणवनस्पती मरतात, त्यांच्यात अंडी घालणारे आणि लपणारे देशी मासे जातात, आणि चिलापीसारखे काहीही सोसणारे उरतात. तळाला ऑक्सिजन संपला की गाळात बसलेला जुना फॉस्फरस परत पाण्यात सुटतो, त्यामुळे सांडपाणी बंद केलं तरी तलाव लगेच सुधारत नाही. भंडारा-गोंदियाच्या जुन्या मालगुजारी तलावांत ढीवर समाजातल्या बायामाणसांनी बेशरम नावाचं माजलेलं झुडूप उपटून तळात देशी पाणवनस्पती लावल्या आणि देशी मासे परत वाढवले, ते काम मला फार मोलाचं वाटतं, कारण त्यांनी माशाच्या आधी माशाचं घर नीट केलं.

विकायच्या आधी एक चाचणी

शेवाळाचा शेवटचा फटका भावाला बसतो. काही निळी-हिरवी शेवाळं जिओस्मिन नावाचा पदार्थ सोडतात, पहिल्या पावसानंतर मातीचा वास येतो ना तोच, आणि तो माशाच्या चरबीत उतरतो. गिऱ्हाईक म्हणतं मासा मातकट लागतो आणि पुढच्या वेळी येत नाही. जाळं टाकायच्या आठवडाभर आधी एक मासा काढा, शेपटीकडचा तुकडा मीठ-मसाला काही न लावता झाकण ठेवून वाफवा आणि झाकण उघडताच वास घ्या. मातकट आला तर मासे सिमेंटच्या हौदात स्वच्छ बोअरच्या पाण्यात, हवा चालू ठेवून, खाद्य न देता पाच-सात दिवस ठेवा, वास निघून जातो, मग पुन्हा एक तुकडा वाफवून बघा आणि वास नसेल तरच व्यापाऱ्याला फोन करा.